संथ गाठ, लांब पल्ला

नॉर्वेमध्ये मेंदूची शस्त्रक्रिया लागणारा रुग्ण आपल्या भागातल्या विद्यापीठ रुग्णालयात जातो. ट्रॉन्डहाइमच्या परिसरातला ट्रॉन्डहाइमला, उत्तर टोकाकडचा ट्रोम्सोला. चार ठिकाणी चौकशी करून सर्जन निवडण्याची पद्धत तिथे फारशी नाही. मेंदूत हळूहळू वाढणाऱ्या गाठींचं काय करायचं, याबद्दल या दोन रुग्णालयांचं मत मात्र अनेक वर्षं वेगळं होतं. एका ठिकाणी सुईने छोटा तुकडा काढून निदान पक्कं करायचे आणि मग गाठीवर लक्ष ठेवत थांबायचे. दुसऱ्या ठिकाणी जमेल तेवढी गाठ लवकरात लवकर काढून टाकायचे. दोन्हीकडचे डॉक्टर अनुभवी होते, दोन्हीकडे हेतू चांगला होता. कोणाचं बरोबर, हे सांगणारा पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता.

तो पुरावा २०१२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातून पुढे आला. संशोधकांनी १९९८ ते २००९ या काळातल्या १५३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. थांबण्याकडे कल असलेल्या रुग्णालयाच्या भागात ७१ टक्के रुग्णांची फक्त बायोप्सी झाली होती, दुसऱ्या भागात १४ टक्क्यांची. पहिल्या भागातल्या रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक, म्हणजे निम्म्या रुग्णांनी ओलांडलेला टप्पा, ५.९ वर्षं निघाला. दुसऱ्या भागात निम्म्याहून जास्त रुग्ण हयात होते, त्यामुळे तो आकडा तेव्हा काढताच आला नाही. २०१७ साली याच रुग्णांचा पुढचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा तो १४.४ वर्षं भरला. पहिल्या भागात तो ५.८, म्हणजे जवळपास तिथेच होता. माणूस कोणत्या गावात राहतो, यावर आयुष्याची सुमारे साडेआठ वर्षं ठरत होती.

या विषयात पाऊल ठेवणाऱ्या वाचकाने हे उदाहरण आधी समजून घ्यावं, कारण पुढचं सगळं संशोधन याच प्रश्नाभोवती फिरतं. गाठ संथ आहे, माणूस आज ठणठणीत आहे, आणि उपचाराचीही मेंदूला किंमत मोजावी लागते. मग कधी थांबायचं आणि कधी हात घालायचा?

या गाठींना ग्लिओमा म्हणतात. मेंदूतल्या मज्जापेशींना आधार देणाऱ्या ज्या ग्लिया पेशी असतात, त्यांच्याशी या गाठींचं नातं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ग्लिओमाच्या चार श्रेणी आहेत. इथे प्रामुख्याने दुसऱ्या श्रेणीचा विचार आहे. तिचे मुख्य प्रकार दोन, अ‍ॅस्ट्रोसायटोमा आणि ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. रुग्ण बहुधा तिशी-चाळिशीतले, नोकरी-संसाराच्या ऐन भरातले. पहिलं लक्षण पुष्कळदा फिट येणं हेच असतं. तोवर डोकेदुखी नाही, अशक्तपणा नाही, काही नाही. एमआरआयमध्ये गाठ दिसते, डॉक्टर ‘लो ग्रेड’ म्हणतात, आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. तो निःश्वास समजण्यासारखा आहे, पण पुरता खरा नाही. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उपचार न झालेल्या अशा गाठींची मापं सलग घेतली, तेव्हा त्यांचा व्यास वर्षाला सरासरी चार मिलिमीटरने वाढताना दिसला. गाठ शांत वाटत असतानाही ती वाढतच असते. पुढे कधीतरी तिची जात बदलते आणि ती वरच्या, आक्रमक श्रेणीत जाते.

शिवाय ती पुन्हा उगवते. शेतातली हराळी वरून उपटली तरी जमिनीखाली तिचे धागे उरतात, तसे या गाठीचे पेशीसमूह मेंदूतल्या तंतूंच्या वाटांनी दूरवर पसरलेले असतात. एमआरआयवर जिथे गाठीची कड संपल्यासारखी दिसते, तिच्या पलीकडेही रोगट पेशी सापडतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे सर्जन वॉल्टर डॅन्डी यांनी १९२८ मध्ये ग्लिओमाच्या काही रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा गोलार्ध काढल्याचं लिहून ठेवलं आहे. तरीही ग्लिओमाने रुग्णांची पाठ सोडली नाही. एवढ्या धाडसी शस्त्रक्रियेनेही जे साधलं नाही, त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली: नुसत्या सुरीने हा आजार मुळापासून जाणार नाही.

सुरीचं महत्त्व मात्र त्यामुळे कमी होत नाही, आणि नॉर्वेने तेच दाखवलं. प्रश्न एवढाच की बोलण्याच्या, समजण्याच्या, हात हलवण्याच्या केंद्रांना चिकटलेली गाठ काढायची कशी? त्याचं उत्तर रुग्णाला जागं ठेवून शस्त्रक्रिया करण्यात सापडलं. मेंदूच्या पृष्ठभागाला बारीक विद्युत् स्पर्श करायचा आणि त्याच वेळी रुग्णाला चित्रं दाखवून नावं विचारायची. जिथे स्पर्श होताच शब्द अडखळतो, ती जागा सोडून द्यायची. सॅन फ्रान्सिस्कोला मिचेल बर्जर आणि फ्रान्सच्या मोंपेलिए शहरात ह्यूग द्यूफो यांनी हे तंत्र पुढे नेलं. २००८ साली बर्जर यांच्या गटाने २५० रुग्णांचा अनुभव मांडला. सहा महिन्यांनंतर हयात असलेल्या २४३ रुग्णांपैकी फक्त चौघांच्या भाषेत कायमचा दोष उरला होता. आयुष्य वर्षांत मोजायचं, तर रुग्णाची भाषा शाबूत राहिली की नाही हेही तितक्याच काटेकोरपणे मोजायला हवं, ही दृष्टी या कामातून रुजली.

शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या गाठीचं काय, हा वादही जुना. रेडिएशन लगेच द्यावं की गाठ वाढल्यावर? युरोपातल्या कर्करोग-संशोधन संघटनेने १९८६ पासून यावर चाचणी घेतली. तिला संशोधकांच्या वर्तुळात ‘नॉन-बिलीव्हर्स’ची, म्हणजे रेडिएशनवर विश्वास नसणाऱ्यांची चाचणी म्हणत. तीनशेहून अधिक रुग्ण, निम्म्यांना लगेच रेडिएशन, निम्म्यांना गाठ वाढल्यावर. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अंतिम निकाल आला. लगेच रेडिएशन घेतलेल्यांची गाठ ५.३ वर्षं रोखली गेली, थांबलेल्यांची ३.४ वर्षं. वर्षभरानंतर फिट्सही पहिल्या गटात कमी होत्या. एकूण आयुष्य मात्र जवळजवळ सारखंच भरलं: ७.४ आणि ७.२ वर्षं. म्हणजे गाठ रोखणं आणि आयुष्य वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. हा निकाल नव्या औषधांच्या बातम्या वाचतानाही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरी मोठी चाचणी अमेरिकेतली. तिची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण संथ आजारावरचं संशोधन किती धीराचं काम आहे हे तिच्याइतकं क्वचितच कुठे दिसतं. १९९८ ते २००२ या चार वर्षांत २५१ रुग्ण तिच्यात सामील झाले. चाळिशीच्या आतले, पण गाठ पूर्ण न निघालेले, किंवा चाळिशी गाठलेले. एका गटाला फक्त रेडिएशन, दुसऱ्याला रेडिएशन आणि त्यानंतर तीन औषधांची केमोथेरपी: प्रोकार्बाझिन, लोमुस्टिन आणि विनक्रिस्टिन. २०१२ साली निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा एकूण आयुष्यात दोन गटांमध्ये ठाम म्हणावा असा फरक नव्हता. संशोधक तिथेच थांबले असते तर केमोथेरपी निरुपयोगी ठरली असती. ते थांबले नाहीत. रुग्णांचा मागोवा चालूच राहिला, आणि २०१६ साली आलेल्या आकड्यांनी चित्र पालटलं. केमोथेरपी मिळालेल्यांच्या आयुष्याचा मध्यक १३.३ वर्षं, फक्त रेडिएशनवाल्यांचा ७.८. हे प्रसिद्ध व्हायला पहिला रुग्ण दाखल झाल्यापासून अठरा वर्षं लागली. ज्यांनी त्या चाचणीत भाग घेतला, त्यांतल्या कित्येकांना तिचं उत्तर ऐकायला मिळालं नाही. आजच्या प्रत्येक रुग्णाच्या उपचारात त्यांचा वाटा आहे.

इतकी वर्षं जगायचं तर रेडिएशनचे उशिरा दिसणारे परिणामही भोगायला माणूस हयात असतो. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात सरासरी बारा वर्षांनी रुग्णांची बौद्धिक तपासणी झाली. रेडिएशन घेतलेल्यांपैकी ५३ टक्क्यांमध्ये लक्ष, विचारांची गती अशा क्षमतांचा ऱ्हास आढळला. रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये हेच प्रमाण २७ टक्के होतं. कर्करोगाच्या एरवीच्या संशोधनात पाच वर्षं पुष्कळ समजली जातात. इथे खरं नुकसान त्यानंतर उघडं पडतं.

रेडिएशनचं हे नुकसान कमी कसं करायचं, या प्रश्नाला मुंबईतून एक महत्त्वाचं उत्तर मिळालं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून २०० मुला-तरुणांवर चाचणी केली. सौम्य किंवा लो ग्रेड गाठी असलेले ३ ते २५ वर्षं वयाचे हे रुग्ण होते. दोन्ही गटांना मात्रा एकच: ५४ ग्रे, ३० भागांत. फरक नेमकेपणाचा. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने रेडिएशन, दुसऱ्याला गाठीच्या आकाराबरहुकूम, आसपासचा मेंदू जास्तीत जास्त वाचवून. २०१७ साली ‘जामा ऑन्कॉलॉजी’त आलेल्या निकालात नेमक्या रेडिएशनवाल्या मुलांची बुद्ध्यंकाची पातळी पाच वर्षांनंतर अधिक चांगली राहिली होती. संप्रेरकांचे नवे बिघाड ३१ टक्क्यांमध्ये दिसले, दुसऱ्या गटात ५१ टक्क्यांमध्ये. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. अशा पद्धतीने मेंदू वाचतो असा डॉक्टरांचा अंदाज आधीही होता, पण दोन गट पाडून, वर्षानुवर्षं मुलांच्या चाचण्या घेऊन तो सिद्ध करण्याचं कष्टाचं काम परळच्या या रुग्णालयात झालं. मराठी वाचकाला याचा अभिमान वाटला तर तो रास्तच आहे.

आता गाठीच्या आतल्या गोष्टीकडे वळायला हवं, कारण गेल्या पंधरा-सतरा वर्षांत या क्षेत्राची दिशा तिथेच बदलली. २००८ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ग्लिओब्लास्टोमा या अतिआक्रमक गाठींची जनुकं वाचताना काही थोड्या रुग्णांमध्ये आयडीएच-१ या जनुकात बिघाड पाहिला. तोपर्यंत या जनुकाला कर्करोगात कोणी विचारतही नव्हतं. पुढच्याच वर्षी मोठं आश्चर्य समोर आलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या ग्लिओमांमध्ये हा बिघाड ७० टक्क्यांहून जास्त रुग्णांत होता. बिघडलेल्या जनुकाचं विकर (एन्झाइम) २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचं द्रव्य भरमसाट बनवतं, हेही २००९ मध्येच कळलं. हे द्रव्य पेशीतल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा पुसू देत नाही. त्यामुळे पेशी प्रौढ होण्याची वाट सोडून नुसती विभागत राहते. त्याच सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला या बिघाडाच्या सर्वांत सामान्य रूपाला रंगवून दाखवणारं प्रतिपिंड तयार झालं. पॅथॉलॉजीच्या साध्या प्रयोगशाळेतही काचेच्या पट्टीवर आयडीएचचा शोध घेता येऊ लागला. नव्या वर्गवारीत तर गाठीचं नावच या तपासणीशिवाय पूर्ण होत नाही. आयडीएचसोबत १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन तुकडे हरवलेले असतील तर ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, नसतील तर अ‍ॅस्ट्रोसायटोमा.

कारण सापडलं की त्याच्यावरच नेम धरता येतो. व्होरासिडेनिब ही गोळी बिघडलेल्या आयडीएच विकराला अडवते, आणि मेंदूत पोहोचेल अशा बेताने ती घडवलेली आहे. तिच्या ‘इंडिगो’ चाचणीचा निकाल जून २०२३ मध्ये जाहीर झाला. उरलेली किंवा पुन्हा उगवलेली दुसऱ्या श्रेणीची गाठ असलेले, शस्त्रक्रियेखेरीज दुसरा कोणताही उपचार न झालेले ३३१ रुग्ण तिच्यात होते. गोळी घेणाऱ्यांची गाठ वाढायला किंवा मृत्यू ओढवायला मध्यक २७.७ महिने लागले, नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांना ११.१ महिने. गाठीचं आकारमान एका गटात दर सहा महिन्यांनी सरासरी अडीच टक्क्यांनी घटत होतं, दुसऱ्यात सुमारे १४ टक्क्यांनी वाढत होतं. गोळी घेणाऱ्या जवळपास दहा टक्के रुग्णांच्या यकृताच्या तपासणीतले आकडे गंभीर प्रमाणात वाढले, म्हणून या औषधावर असताना रक्ततपासणी चुकवता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने बारा वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या रुग्णांसाठी तिला मान्यता दिली.

ही खरोखर मोठी घटना आहे. तरुण रुग्णाला रेडिएशन आणि केमोथेरपी काही वर्षं पुढे ढकलता येणं म्हणजे शिक्षण, नोकरी, मुलांचं बालपण यांसाठी शाबूत मेंदू मिळणं. पण युरोपातल्या त्या जुन्या चाचणीचा धडा इथेही लागू आहे. गाठ रोखली गेली हे सिद्ध झालं आहे, आयुष्य किती वाढलं हे सांगायला अजून वर्षं लागतील. शिवाय ‘इंडिगो’ने रेडिएशन-केमोथेरपीनंतर परतलेल्या गाठीचा प्रश्न हाताळलेलाच नाही.

त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण परतलेली गाठ ही पहिलीच गाठ नसते. २०१४ साली सॅन फ्रान्सिस्को आणि टोकियोच्या संशोधकांनी २३ रुग्णांच्या पहिल्या आणि परतलेल्या गाठींची जनुकं शेजारी ठेवून वाचली. ४३ टक्के रुग्णांमध्ये पहिल्या गाठीतले निम्मे किंवा त्याहून जास्त बिघाड दुसऱ्या गाठीत नव्हतेच. म्हणजे दुसरी गाठ पहिलीच्या फार जुन्या फांदीपासून फुटली होती. टेमोझोलोमाइड हे औषध मिळालेल्या दहा रुग्णांपैकी सहा जणांच्या परतलेल्या गाठीत तर बिघाडांचा पूर आला होता, आणि त्यांवर त्या औषधाचा ठसा उमटलेला होता. यावरून टेमोझोलोमाइड टाकाऊ ठरत नाही. त्याचा फायदा अनेकांना होतो. पण जुन्या बायोप्सीच्या जोरावर नव्या गाठीचा उपचार ठरवणं किती धोक्याचं आहे, हे या अभ्यासाने दाखवलं. शक्य असेल तिथे परतलेल्या गाठीचा नवा तुकडा तपासावा, हे त्याचं व्यवहारातलं तात्पर्य.

मुलांमधल्या संथ गाठींचं जग वेगळं आहे. त्यांच्यात आयडीएचऐवजी बहुधा बीआरएएफ या जनुकाचा बिघाड असतो. उपचारानंतर परतलेल्या अशा गाठींसाठी टोव्होराफेनिब या औषधाला एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत सुमारे निम्म्या मुलांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. काहींच्या उंचीची वाढ मंदावली, पुष्कळांच्या केसांचा रंग बदलला. वाढत्या वयातल्या मुलाला हे औषध किती काळ द्यायचं, हा प्रश्न आता डॉक्टरांपुढे आहे.

आणि हे सगळे उपचार एका साध्या गोष्टीवर अवलंबून आहेत: गाठ वाढते आहे, हे वेळेवर कळणं. अडचण तिथेच आहे. चार सेंटिमीटरची गोल गाठ वर्षात चार मिलिमीटरने वाढली, तर व्यास जेमतेम दहा टक्क्यांनी वाढतो. डोळ्यांना तो फरक सहज निसटतो. तिचं घनफळ मात्र एक तृतीयांशाने वाढलेलं असतं. सहा महिन्यांपूर्वीची फिल्म आणि आजची फिल्म शेजारी धरली की ‘बदल नाही’ असा अहवाल येतो. पुढच्या सहा महिन्यांनी पुन्हा तोच. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हाच प्रश्न तपासला. संगणकाने घनफळ मोजलं तर वाढ मध्यक १४ महिन्यांत ध्यानात आली, नेहमीच्या नजरेच्या तुलनेने ४४ महिन्यांत. संगणकाला गाठ सुमारे ५७ टक्क्यांनी वाढल्यावर कळत होतं, डोळ्यांना ती १७४ टक्क्यांनी वाढल्यावर. डॉक्टर निष्काळजी होते असा याचा अर्थ नाही. इतका संथ बदल माणसाच्या नजरेच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्या अडीच वर्षांत दुसरी शस्त्रक्रिया सोपी असती, किंवा गोळी सुरू झाली असती, ही हळहळ मात्र उरतेच.

उलटी चूकही होते. रेडिएशननंतर काही महिन्यांनी एमआरआयवर नवी चकाकी दिसते, सूज दिसते, आणि गाठ परतली असं वाटतं. प्रत्यक्षात ती कधी कधी रेडिएशनने दुखावलेल्या ऊतींची प्रतिक्रिया असते आणि आपोआप ओसरते. दोन्हींत फरक करायला रक्तप्रवाह मोजणारा एमआरआय उपयोगी पडतो. नेहमीचा ग्लुकोजचा पेट स्कॅन इथे फारसा कामाचा नाही, कारण निरोगी मेंदूच ग्लुकोज अधाशासारखं ओढून घेतो आणि संथ गाठ त्या उजेडात हरवते. म्हणून अमिनो आम्लांवर आधारलेले पेट स्कॅन पुढे आले. २०१२ साली तर टेक्सासच्या संशोधकांनी एमआरआय यंत्रातच, सुई न टोचता, गाठीतलं २-हायड्रॉक्सिग्लुटारेट मोजून दाखवलं. उपचार चालू असताना ते द्रव्य घटतं की वाढतं हे बाहेरून पाहता आलं, तर निदानाची पद्धतच बदलेल. रक्ताच्या थेंबावरून मेंदूतली गाठ ओळखण्याची आशा मात्र अजून पुरी झालेली नाही. पाठीच्या कण्यातून घेतलेलं पाणी त्याहून बोलकं आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१९ साली ग्लिओमाच्या ८५ रुग्णांपैकी ४२ जणांच्या पाण्यात गाठीचा डीएनए सापडला. पण निम्म्या रुग्णांमध्ये सापडला नाही, त्यामुळे तो न सापडणं म्हणजे निर्धास्त होणं नव्हे.

नव्या यंत्रांची वाट पाहत असतानाही काही गोष्टी आजच, कोणत्याही गावातल्या कुटुंबाच्या हातात आहेत. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एमआरआय आणि त्यानंतरचा प्रत्येक एमआरआय सीडीसह, तारखेच्या क्रमाने जपून ठेवावा. नुसता कागदी अहवाल पुरत नाही. दर वेळी डॉक्टरांना विनंती करावी की आजची तुलना गेल्या फिल्मशी करावीच, पण सगळ्यात पहिल्या फिल्मशीही करावी. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाकडे गाठीचा मेणात जपलेला तुकडा, म्हणजे ठोकळा, असतो. तो कुठे आहे याची नोंद ठेवावी, आणि आयडीएच व १पी-१९क्यू या तपासण्या झाल्या आहेत का, हे लेखी मागून घ्यावं. झाल्या नसतील तर जुन्या ठोकळ्यावरही त्या बहुधा करता येतात.